कोयत्याच्या मुठीवरून डीएनए निघेना: स्वॅब बदलू की पद्धत?

खानदेशी_पोर

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. फॉरेन्सिक सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प घेतलाय हाताळलेल्या वस्तूंवरून टच डीएनए, म्हणजे नुसत्या स्पर्शाने मागे राहिलेला डीएनए, गोळा करण्याचा. वस्तू मुद्दाम आपल्याकडच्या मुद्देमालात असतात तशा निवडल्या: कोयत्याची बाभळीची मूठ, स्टीलचा पेला, मोटरसायकलच्या हँडलची रबरी ग्रिप आणि सुती दोर.

सध्या करतो ते असं. वस्तू ब्लीचने पुसून वाळवतो. मित्राला मिनिटभर घट्ट धरायला सांगतो. मेडिकलमधून आणलेला निर्जंतुक कॉटन स्वॅब डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून सगळ्या पृष्ठभागावर फिरवतो, ट्यूबमध्ये टाकून झाकण लावतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. आठवड्यातून एकदा किटने एक्स्ट्रॅक्शन (स्वॅबमधून डीएनए वेगळा काढणं), 200 मायक्रोलिटर इल्यूशन (शेवटी तो तेवढ्या द्रवात उतरवून घेणं), मग नॅनोड्रॉप यंत्रावर मोजणी. पेल्याला 4 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या आसपास येतं, दोराला चक्क 9, ग्रिपला 2-3. मुठीला कधी 1, कधी उणे आकडा.

गाइड सर म्हणतात कॉटनचा जमाना गेला, नायलॉनचे फ्लॉक्ड स्वॅब मागव. त्यांची किंमत बघून घाम फुटला. खरंच स्वॅबनेच फरक पडेल का? कुणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर कृपया सांगा.

बिनधास्त_बंडू

फ्लॉक्डच घे रे. परदेशात कॉटन कोणी वापरत नाही.

निवृत्त_निवांत

बंडू, परदेशात कॉटन भरपूर वापरतात. कॉटनला नावं ठेवायची फॅशन झालीय एवढंच.

खानदेशी_पोर, तुला अरे-तुरे केलं तर चालेल ना? सरकारी प्रयोगशाळेच्या जीवशास्त्र आणि डीएनए विभागात नोकरी करून निवृत्त झाले आहे. सांगायचं बरंच आहे, चहा घेऊन बस.

आधी हिशोब करू. पेल्याला 4 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, असे 200 मायक्रोलिटर, म्हणजे 800 नॅनोग्रॅम डीएनए. माणसाच्या एका पेशीत साधारण 6.6 पिकोग्रॅम असतो. भागाकार केलास तर एक लाख वीस हजारांच्या वर पेशी होतात. मिनिटभर पेला धरून? तुझ्या मित्राने पेला धरला होता की कातडी सोलून त्याला चिकटवली होती? स्पर्शातून मिळणारा डीएनए बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या नॅनोग्रॅममध्ये, नाहीतर त्याच्याही खाली असतो. अनेकदा काहीच मिळत नाही. दोराच्या आकड्यावर तर बोलायलाच नको.

तुझा घोळ स्वॅबमध्ये नाही, मापात आहे. नॅनोड्रॉप 260 नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला गेला ते बघतो. तो डीएनए माणसाचा की बॅक्टेरियाचा की कापसाच्या झाडाचा, त्याला काही कळत नाही. आरएनएही तो त्याच खात्यात धरतो. तुझ्या किटमध्ये कॅरिअर आरएनए (थोडासा डीएनए वाटेत हरवू नये म्हणून मिसळतात तो) घालायची पायरी आहे का बघ. असेल तर तू इतके दिवस इमानेइतबारे किटवाल्याचाच माल मोजतो आहेस. शिवाय दोनेक नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या खाली त्या यंत्राच्या आकड्याला अर्थ राहत नाही, म्हणून तर उणे येतंय. टच डीएनएला फक्त मानवी डीएनए मोजणारी रिअल-टाइम पीसीआरच (डीएनएच्या प्रती वाढवत-वाढवत तो मोजणारी चाचणी) लागते. त्यामुळे पेला चांगला, मूठ वाईट, दोर सगळ्यात उत्तम हा तुझा निष्कर्ष आत्ता कुणाला सांगू नकोस.

आता मूठ. तिथे मला तीन गोष्टी दिसतात आणि तिन्हींचा स्वॅबच्या जातीशी संबंध नाही.

एक, ब्लीच. स्टीलवर ब्लीच फिरवून मागून पाणी आणि अल्कोहोलने पुसलं की झालं. लाकूड ते पिऊन बसतं. वरून कोरडं दिसलं तरी छिद्रांत हायपोक्लोराइट राहतं आणि नंतर हात लागून जो डीएनए पडेल त्याची वाट लावतं. म्हणजे तू नमुना पडायच्या आधीच तो मारायची सोय करून ठेवली आहेस. लाकडाला नवी मूठ, वरून पॉलिश पेपर, मग यूव्हीखाली फिरवून-फिरवून ठेवणं हे बरं. आणि कुणाचाही हात लागायच्या आधी तिचा एक स्वॅब घेऊन ठेवायचा, म्हणजे पाटी किती कोरी होती ते कळतं.

दोन, बाभूळ. बाभळीची साल कातडं कमवायला वापरतात ती तिच्यातल्या टॅनिनमुळे. टॅनिन पीसीआरला अडवतं. सालीइतकं नसेल, पण मुठीतलं थोडं पाण्याबरोबर स्वॅबवर येणारच. एक्स्ट्रॅक्ट पिवळट दिसतोय का बघ. जीन्सच्या निळीचंही तेच. रिअल-टाइम पीसीआरच्या चांगल्या किटमध्ये आतला एक कंट्रोल, म्हणजे मुद्दाम घातलेला ओळखीचा डीएनए, असतो. त्याचा संकेत उशिरा आला की समजायचं अडथळा आहे, डीएनए नाही असं लगेच लिहायचं नाही.

तीन, पाणी. स्वॅब बुडवायचा नाही. टोकावर थेंब सोडायचे, कापूस ओलसर व्हावा, ठिबकू नये. बुडवलेला स्वॅब मुठीवर फिरवलास की पाणी लाकडाच्या रेषांत शिरतं आणि वरच्या पेशी सोबत घेऊन जातं. पेल्यावर उलट होतं, पाणी वर पसरून राहतं आणि स्वॅब ते मागे सोडून पुढे जातो. त्यासाठीच दुसरा, कोरडा स्वॅब असतो. आधी ओला, मग त्याच जागेवर कोरडा, आणि एक्स्ट्रॅक्शनला दोन्ही एकत्र. ही दुहेरी पद्धत 1997 मध्ये कॅनडातल्या डेव्हिड स्वीट आणि सहकाऱ्यांनी मांडली ती माणसाच्या कातडीवरची लाळ उचलण्यासाठी, म्हणजे चावल्याच्या खुणांसाठी. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या व्हॅन ऊर्शॉट आणि जोन्स यांनी दाखवलं की नुसतं हाताळलेल्या वस्तूवरूनही माणसाचा प्रोफाइल, म्हणजे ओळख पटवणारा डीएनएचा आराखडा, मिळू शकतो. दोन्ही धागे पुढे एकमेकांत असे गुंतले की आता लोकांना वाटतं ही पद्धत टच डीएनएसाठीच जन्मली. गुळगुळीत, न शोषणाऱ्या पृष्ठभागावर ती उत्तम चालते. दोर आणि कापडावर मी टेप वापरेन: डीएनएमुक्त चिकटपट्टीचा छोटा तुकडा, चिकटपणा कमी होईपर्यंत पुन्हा-पुन्हा टेकवायचा. खडबडीत लाकडावर आधी टेप, मग जेमतेम ओला स्वॅब. दोन्हींचे आकडे वेगवेगळे ठेव, प्रकल्पात तेच सगळ्यात वाचनीय पान होईल.

आणि 'सगळ्या पृष्ठभागावर' हे काय? आख्ख्या मुठीवर एक स्वॅब फिरवलास की मिळालेलं थोडंसं पुसत-पुसत तूच विखरून टाकतोस. कोयता चालवताना बघ कधी. अंगठा आणि तर्जनीमधली जागा पात्याजवळच्या कड्याशी घासते, करंगळी मुठीच्या टोकाला अडते. डीएनए घर्षणाच्या जागी पडतो. त्या दोन जागा घे, स्वॅब सावकाश स्वतःभोवती फिरवत, म्हणजे त्याच्या सगळ्या बाजू वापरल्या जातील. नुसता धरून ठेवलेला कोयता आणि दहा-वीस वेळा ऊस तोडलेला कोयता यांत केवढा फरक येतो ते करून बघ.

स्वॅबकडे येते. कापूस डीएनए उचलतो छान, पण सोडताना कद्रूपणा करतो. फ्लॉक्ड स्वॅबला नायलॉनचे आखूड तंतू उभे असतात, आत गाभा नसतो, त्यामुळे ते सहज सोडतात. पण खडबडीत लाकडावर फ्लॉक्डचे तंतू निघून येतात हेही पाहिलंय. कापसाकडून वसूल करायचं असेल तर लायसिस (पेशी फोडायची पायरी) झाल्यावर स्वॅबचं डोकं छिद्रांच्या छोट्या बास्केटमध्ये टाकून ती बास्केट ट्यूबवर बसव आणि सेंट्रिफ्यूज कर. कापसाने धरून ठेवलेला द्रव खाली येतो. चिमट्याने ट्यूबच्या कडेला दाबून स्वॅब फेकून देणारे विद्यार्थी अर्धं कमावलेलं कचऱ्यात टाकतात. आणि इल्यूशन 200 कशाला? 50 किंवा त्याहून कमी घे. मुळात थेंबभर माल, तो तू बादलीत कालवतोस.

शेवटचं. 'निर्जंतुक' म्हणजे 'डीएनएमुक्त' नव्हे. हा धडा जर्मनीने फार महागात घेतला, त्यावर वेळ मिळाला की लिहिते.

घाटाखालचा

ताईंचं वाचून बरं वाटलं. मी घटनास्थळावर जाणाऱ्या पथकात आहे, कोकणात. खानदेशी_पोर, तुमच्या पद्धतीत मला खटकलेली गोष्ट म्हणजे ओला स्वॅब झाकणबंद ट्यूबमध्ये. आमच्याकडे जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथे बंद प्लास्टिकमधला ओला कापूस म्हणजे बुरशीला आमंत्रण. पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा करून सावलीत वाळवायचा, मग कागदी पाकिटात. पंख्याचा झोत थेट लावायचा नाही, शेजारी दुसरा नमुना वाळत असेल तर अजिबातच नाही. हल्ली काही स्वॅबच्या नळीतच शोषक गोळी येते, मिळाली तर सोन्याहून पिवळं.

दुसरं, आमच्यात नेहमीचा वाद: ठसे आधी की स्वॅब आधी? ठसेतज्ज्ञाचा ब्रश एका वस्तूवरून दुसरीवर जातो, सोबत डीएनएही नेतो. आणि स्वॅब आधी फिरवला तर ठसा पुसला जातो. मी असं बघतो की खडबडीत मुठीवर वाचता येईल असा ठसा उमटतच नाही, तिथे स्वॅब आधी. पेल्यावर ठसा दिसत असेल तर त्याला हात लावायचा नाही, फोटो आणि ठसा पहिला, स्वॅब आजूबाजूला. ठसा विस्कटलेला निघाला तर मग त्याच्यावरूनही स्वॅब.

आणि मास्क लावून गप्प बसायचं. वस्तूवर वाकून पंचांना समजावत बसलं की आपलीच थुंकी मुद्देमालात. पंच तर काय, 'हाच का तो कोयता' म्हणत बोट लावल्याशिवाय त्यांना सही करता येत नाही.

कोर्टाची_पायरी

वकील आहे, फौजदारी करतो. बचावाकडून बोलतोय असं समजा.

पद्धती छान, पण मुठीवर डीएनए मिळाला म्हणजे त्यानेच कोयता मारला हे कुठून येतं? सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टात मिश्र प्रोफाइल, म्हणजे एकाहून जास्त माणसांचा डीएनए, लिहिलेलं असतं, सरकारी पक्ष ते वाचतो 'आरोपीचा डीएनए सापडला'. माझा अशील उसाच्या टोळीत असतो, तिथे कोयते अदलाबदल होतात. विद्यार्थ्याने याचा प्रयोग करावा: अ आणि ब यांनी हस्तांदोलन करायचं, मग फक्त ब ने मूठ धरायची. अ निघतो का बघा.

आणखी एक. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कट्टवेल्लई विरुद्ध तमिळनाडू राज्य या निकालात डीएनए नमुन्यांबद्दल देशभरासाठी सूचना दिल्या. नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवायची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची, उशीर झाला तर कारण नोंदवायचं, आणि नमुना कुणाच्या हातून कुठे गेला त्याची नोंदवही खटल्याच्या कागदांत लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 176 पोटकलम 3 सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याबद्दल आहे. तेव्हा स्वॅब कोणी, कधी, कुठल्या जागेवरून घेतला हे आता आम्ही विचारणारच. 'मुठीवरून' एवढं उत्तर चालणार नाही.

निवृत्त_निवांत

वकीलसाहेब, पूर्ण सहमत, आणि हे मी साक्षीच्या पिंजऱ्यातही म्हटलेलं आहे. डीएनए कुणाचा असू शकेल ते आम्ही सांगतो. तो कधी आला, कसा आला, हे स्वॅब सांगत नाही. कॅलिफोर्नियात 2012 साली एका खुनात मृताच्या नखांत एका माणसाचा डीएनए मिळाला. तो माणूस त्या रात्री दारूच्या नशेत इस्पितळात दाखल होता, कागदोपत्री पुरावा होता. तरी त्याने काही महिने तुरुंगात काढले. उलगडा असा झाला की ज्या रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी संध्याकाळी त्याला उचललं, तेच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते.

आता जर्मनी. 2007 मध्ये हाइलब्रॉनला एका तरुण महिला पोलिसाचा खून झाला. गाडीवरून घेतलेल्या स्वॅबमध्ये एका अनोळखी बाईचा डीएनए आला आणि तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या जवळपास 40 ठिकाणी जुळत गेला. 1993 चा एक खून, घरफोड्या, वाटेल ते. एकमेकांशी काही संबंध नाही आणि सगळीकडे ही बाई. तीन लाख युरोंचं इनाम लावलं. 2009 मध्ये एका पुरुषाच्या कागदपत्रावरच्या ठशांतून तीच बाई निघाली, तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. स्वॅब पॅक करणाऱ्या कामगार बाईचा डीएनए होता तो. स्वॅब निर्जंतुक होते, म्हणजे जंतू मेलेले होते. डीएनए जागच्या जागी. पुढे 2016 मध्ये आयएसओ 18385 हे मानक आलं ते अशा साहित्यात मानवी डीएनएची भेसळ राहू नये म्हणूनच. अशा स्वॅबना बहुधा इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करतात.

मला त्या प्रकरणात राग येतो तो कारखान्यातल्या बाईचा नाही. न वापरलेला स्वॅब तसाच एक्स्ट्रॅक्शनला घालणं हे इतकं साधं, स्वस्त काम. ते प्रत्येक लॉटला नेमाने होत असतं तर ही बाई जन्मालाच आली नसती. खानदेशी_पोर, तुझ्या पोस्टमध्ये एकही ब्लँक (नमुन्याशिवाय केलेली कोरी चाचणी) दिसला नाही. कोरा स्वॅब, नुसतं पाणी लावलेला स्वॅब, आणि किटचा ब्लँक, प्रत्येक खेपेला. शिवाय तुझा स्वतःचा प्रोफाइल फाइलला लावून ठेव. मिळालेला डीएनए मित्राचा की तुझा, हा प्रश्न परीक्षक पहिला विचारेल. विचारला नाही तर परीक्षक झोपला आहे.

खानदेशी_पोर

ताई, खूप आभार. किटमध्ये कॅरिअर आरएनएची पायरी आहे आणि मी ती मन लावून करत होतो 😅. रिअल-टाइम पीसीआरचं यंत्र मायक्रोबायोलॉजी विभागात आहे, दोन दिवस आधी सांगून वेळ मिळतो. पण मानवी डीएनएचं किट फ्लॉक्ड स्वॅबपेक्षाही महाग. काही जुगाड? मित्रांच्या हातांबद्दलही सांगा, काहींचं नेहमी जास्त येतं असं वाटत होतं. अर्थात आता त्या वाटण्यालाही अर्थ नाही.

घाटाखालचा दादा, ट्यूबचं झाकण आजपासून उघडं. वकीलसाहेब, हस्तांदोलनाचा प्रयोग करायला आवडेल, सरांना विचारतो.

निवृत्त_निवांत

जुगाड आहे, आणि तो शास्त्रशुद्ध आहे. माणसाच्या जनुकसंचात अलू नावाचे छोटे पुनरावृत्त तुकडे दहा लाखांच्या वर आहेत, जवळपास दहा टक्के जागा तेच खातात. फक्त माणूस आणि वानरकुळात सापडतात, त्यामुळे बॅक्टेरिया आणि कापूस आपोआप बाद. अलूचे प्रायमर (नेमका तोच तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) आणि साधा सायबर ग्रीन मिक्स (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) घेतलास तर अगदी थोडा मानवी डीएनएही मोजता येतो. ज्ञात प्रमाणाच्या मानवी डीएनएच्या पातळ-पातळ पायऱ्या करून स्टँडर्ड कर्व्ह लाव. अडचण एवढीच की हे इतकं संवेदनशील असतं की तुझा ब्लँकही थोडा वर येतो. घाबरू नको, ब्लँकच्या किती वर आहे ते बघायचं. यात आतला कंट्रोल नसतो, म्हणून बाभळीसाठी प्रत्येक एक्स्ट्रॅक्ट दहापट पातळ करून पुन्हा लाव. पातळ केल्यावर हिशोबाने येणारा आकडा वाढला तर टॅनिनने दगा दिलाय.

हातांचं म्हणशील तर ब्रिटनमध्ये 2002 साली लोकांची 'जास्त सोडणारे' आणि 'कमी सोडणारे' अशी वाटणी मांडली गेली. नंतरच्या कामात ती इतकी सरळ राहिली नाही, एकच माणूस आज जास्त सोडतो, उद्या कमी. हात धुऊन किती वेळ झाला, मधे तोंडावरून-डोळ्यांवरून हात फिरवला का, घाम होता का, यावर बरंच अवलंबून. तळहाताच्या वरच्या मेलेल्या पेशींत केंद्रकच नसतं. मुठीवर जे मिळतं त्यातला बराच भाग चेहऱ्यावरून वगैरे हाताला लागलेला, नाहीतर घामातला सुटा डीएनए असतो. म्हणून सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, मग ठरलेला वेळ थांबायचं, त्या वेळात काय केलं ते कागदावर लिहायचं. मोबाइल काढून घे त्यांचे, नाहीतर सगळा वेळ तोच घासत बसतील. मित्रांची लेखी संमती आणि कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी घेतलीस ना? हस्तांदोलनाच्या प्रयोगाला तर दोघांचे प्रोफाइल लागणार, तेव्हा ती आधी घे.

ग्रिप जुन्या गाडीची वापरत असशील तर बदल. रबराच्या खाचांत गाडीमालकाची वर्षानुवर्षांची कमाई बसलेली असते, ती ब्लीचने निघत नाही. दोराची गाठ असेल तर सोडू नको, गाठीपासून दूर काप. ओढताना हात घासतो तो भाग गाठीच्या आत दडून राहतो.

फ्लॉक्डचे पैसे प्रायमर आणि डीएनएमुक्त कॉटनकडे वळव. उरलेच तर फ्लॉक्डचं लहानसं पाकीट घे आणि फक्त पेल्यावर तुलना कर, सरांचाही मान राहील. जुने एक्स्ट्रॅक्ट फेकलेस का?

खानदेशी_पोर

नाही ताई, सगळे उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये आहेत. दोराचे तेवढे लेबल पुसलंय.

निवृत्त_निवांत

मग दोराचे सोड. बाकीचे आधी अलूवर लाव, नवीन स्वॅब नंतर. आणि पेन्सिलने लिहीत जा, अल्कोहोलने मार्कर जातो.